राजपुत्राचं वजन

आमच्या दुकानात दारासमोरच्या लाकडी खुर्चीवर चार-पाच वर्षांचा एक मुलगा कायम बसलेला असायचा. जरीचा अंगरखा, कमरेला शेला, डोळे मिटलेले. एकदा नवा पोस्टमन आला आणि त्यालाच विचारू लागला, "बाळ, पप्पा कुठं हैत?" दोनदा विचारलं. आतून माझी बायको म्हणाली, "त्यो बोलायचा न्हाई, मेलाय त्यो." पोस्टमनने टपाल उंबऱ्यावर ठेवलं आणि पुढे बरेच दिवस तो समोरच्या सायकलवाल्याकडे आमची पत्रं देऊन जात होता.

तो मुलगा म्हणजे डमी. माझा धंदा नाटकाचं सामान भाड्याने देण्याचा. वडिलांनी कोल्हापुरात हे दुकान टाकलं आणि नव्वद सालानंतर ते मी बघू लागलो. तलवारी, मुकुट, सिंहासन, दाढ्या, पडदे आणि शाळेच्या गॅदरिंगला लागणारे परीचे पंख, सगळं आमच्याकडे मिळतं. लोकांना वाटतं, भाड्याने वस्तू द्यायची आणि परत घ्यायची, यात कसलं डोकं लागतं? पण रंगमंचावरची वस्तू खरी असून भागत नाही, ती लांबून खरी दिसावी लागते. खरी तलवार हलक्या नटाला वाकवते. पत्र्याची फार हलकी केली तर हातात पट्टी धरल्यासारखी दिसते. म्हणून प्रत्येक वस्तूचं वजन मी ठरवून ठेवतो. मुकुट अर्धा किलोच्या आत पाहिजे, नाहीतर राजा तिसऱ्या अंकात मान चोळत बसतो. लहानपणी वडिलांनी मला बाकी काही शिकवलं नाही, पण तराजू शिकवला.

या सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे मेलेलं मूल.

आमच्या भागात एक जुनं संगीत शोकनाटक अजून होतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. कोल्हापूरच्या म्हाताऱ्या माणसांना 'बुडाल्या पोराचं नाटक' एवढं म्हटलं की पुरतं. राजा शत्रूला शब्द देतो की तहासाठी माझा एकुलता मुलगा ओलीस धाडीन. राणी नको म्हणते. नदीला पूर असतो, राजा शब्दाला जागतो, आणि होडी उलटते. शेवटच्या अंकात राजा स्वतः मुलाला दोन्ही हातांवर घेऊन दरबारात येतो, उभ्या उभ्या चार कडव्यांचं पद म्हणतो आणि मूल राणीच्या पायाशी ठेवतो. राणीने तोवर जागचं हलायचं नाही. मग ती बसते आणि पडदा पडतो. एवढंच.

वडिलांच्या वेळी या कामाला खरी मुलं घेत. त्याचे फार ताप होत. एका मुलाने मेल्यावर नाक खाजवलं. दुसऱ्याला पहिल्या रांगेत बसलेली त्याची आई पदर डोळ्यांना लावताना दिसली, तसा तो राजाच्या हातावरून ओरडला, "आये, रडू नगं, मी जित्ता हाय." त्या रात्रीचं नाटक तिथेच संपलं आणि लोक हसत घरी गेले. शिवाय आया मुलं द्यायला कुरकुरत. आपल्या पोराला चारचौघांत मेलेलं निजवायचं हे कुणाला रुचेल? त्यातून एक पद्धत पडली. पडदा पडला की मुलाला रंगमंचावरच उठवून सिंहासनावर बसवायचं, जिभेवर साखर ठेवायची आणि म्हणायचं, "ऊठ राजा, नाटक संपलं." मग आईच्या हवाली करायचं. निजलेलं मूल रंगमंचावर सोडून कुणी खाली उतरायचं नाही.

पुढे खऱ्या मुलांऐवजी डमी आली, पण पद्धत राहिली. डमीलासुद्धा सिंहासनावर बसवतात, साखर दाखवतात. मी कापसाच्या पोराला साखर दाखवणाऱ्यांना कधी हसलो नाही. दुकानातही आम्ही ते खुर्चीवर बसवूनच ठेवायचो ते याच चालीने.

डमीचं वजन सहा किलो. आत कापूस, चिंध्या आणि थोडा भुसा. चार कडवी हातावर धरून गायचं म्हणजे नटाचा श्वास सांभाळायला हवा. त्यापेक्षा कमी केलं तर राजा कणसांची पेंढी आणल्यासारखा चालतो. एका गावच्या मंडळाच्या सेक्रेटरीने मला विचारलं होतं, "पोरगं शेवटच्या अंकातच येतंय न्हवं? मग एकाच अंकाचं भाडं लावा की." मी म्हटलं, "पावणं, मेल्याला अर्धं तिकीट नसतंय." भाडं पूर्ण घेतलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. दोन हजार सालानंतरची, दोन-चार वर्षं इकडेतिकडे.

वारणाकाठच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत हौशी मंडळ होतं. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत ते दरवर्षी भाग घेत. दिग्दर्शक एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत. राजाची भूमिका नेहमी पाटील करायचे. कारखान्यात फिटर. मूळचे नेसरीकडचे, लिंगायत. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आवाज खणखणीत, उंची पाच फूट दहा इंच. त्यांचा अंगरखा मला वेगळा शिवून ठेवावा लागे. दरवर्षी यायचे आणि दुकानभर हसून जायचे. त्यांचा चार वर्षांचा मुलगा, अप्पू, एका तापात गेला होता. मेंदूत ताप चढला म्हणून कोल्हापूरला आणलं, पण हाती लागला नाही. हे मला मास्तरांकडून कळलं होतं.

त्या वर्षी मास्तर एकटेच आले आणि म्हणाले, "यंदा बुडाल्या पोराचं नाटक करतोय."

मी म्हटलं, "मास्तर, राजा कोण?"

"पाटीलच."

"तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?"

"मी न्हाई ठरवलं. त्यानंच आणून दिलं पुस्तक. आणि राणी त्याची मंडळी करणार म्हणतीया. कॉलनीत बायका काय काय बोलायला लागल्यात. पोरगं जाऊन वरीस झालं न्हाई तवर नवरा-बायको तोंडाला रंग लावत्यात, म्हणून."

"मग तुम्ही न्हाई म्हणायचं."

मास्तर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "त्यो मला न्हाई म्हणू देईना."

आठ दिवसांनी पाटील आणि वहिनी दोघं सामान बघायला आले. पाटील उतरले होते, गेल्या वर्षीचा अंगरखा दोन्ही बाजूंनी इंच-इंच सैल झाला. वहिनी लहानखुऱ्या, बोलायला कमी. मी माप घेत होतो तेव्हा त्यांचं लक्ष खुर्चीवरच्या डमीकडे गेलं. त्यांनी लगेच मान फिरवली. मग म्हणाल्या, "दादा, त्याला आडवं करून ठेवता येत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "आमच्यात बसवूनच ठेवत्यात, वहिनी. नाटकाची पद्धत हाय."

त्या दाराबाहेर जाऊन पायरीवर उभ्या राहिल्या.

पाटलांनी डमी उचलली. हातावर एकदा वर-खाली केली. "किती?"

"सहा किलो."

"हलकं हाय."

"गायचं हाय की तुम्हाला. ह्याच्यापेक्षा जड चालत न्हाई. कुणी घेत न्हाई."

"मला चौदा किलो सातशे ग्रॅम पाहिजे."

मला हा आकडा कुठला हे विचारावं लागलं नाही. तरी ते म्हणाले, "दवाखान्यात दाखल करताना केलतं वजन. मी शिफ्टला हुतो. ती जीपमधनं मांडीवर घिऊन आली. मी येऊस्तवर सगळं झालतं. मग आमच्यात बसवून, हार घालून, विमानात, म्हंजे सजवलेल्या डोलीत घालून नेत्यात. चार जणांनी उचललं. म्हाताऱ्यांनी मला धरून ठेवलेलं, ह्यो पडंल म्हणून. मी नुसता मागनं चाललो." ते डमीच्या शेल्याची गाठ सरळ करत होते. "मी त्याला उचललंच न्हाई हो. घरात रोज उचलत हुतो, आणि त्या दिवशी न्हाई."

मी व्यवहारी माणूस. मी म्हटलं, "पाटील, चौदा किलो हातावर घेऊन चार कडवी व्हायची न्हाईत. तिसऱ्याला आवाज कापतोय. मास्तर मला शिव्या घालतील. स्पर्धा हाय."

"स्पर्धा मास्तरची. मला एकदा चालू द्या."

मी हो म्हटलं.

डमी शिवायचं काम माझ्या बायकोचं. आधीची तिने आमच्या थोरल्या मुलाच्या मापावर बेतली होती. आकडा सांगितला तेव्हा ती सुई-दोरा खाली ठेवून म्हणाली, "आपल्या पोराचं माप ह्याला लावायचं न्हाई." मग माप कुठलं? ती कॉलनीत फोन लावून वहिनींशी बोलली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने कागदावर उंची, खांद्याची रुंदी, पायाची लांबी लिहून घेतलेली दिसली. शेवटी एक ओळ होती, 'डावा पाय जरा आत.'

वजन भरणं माझ्याकडे होतं. नुसती वाळू ओतून चौदा किलो होतात, पण ते पोतं होतं. मुलाचं वजन सगळीकडे सारखं नसतं. डोकं जड असतं, कमरेपाशी जास्त भरतं, पिंढऱ्या आणि हात लोंबतात. मी वाळू धुऊन, वाळवून, वेगवेगळ्या पिशव्यांत मोजून भरली. मान सैल ठेवली. नटाने डोक्याखाली हात घेतला नाही तर डोकं मागे पडेल अशी. सहा किलोवाल्या डमीची मान मी काठी घालून ताठ ठेवतो, म्हणजे नटाला सोपं पडतं. इथे काठी घातली नाही. तराजूवर शेवटची मूठभर वाळू मी कितीदा तरी काढ-घाल केली. आमचा धाकटा तेव्हा तेवढाच होता आणि अंगणात ओरडत होता. बायकोने त्याला हाक मारून आत घेतलं आणि दार लावलं.

तालमीला मी दोनदा गेलो. पहिल्या दिवशी पाटील तिसऱ्या कडव्याला थांबले. मास्तर म्हणाले, "बघ, मी म्हणत हुतो." पाटलांनी घाम पुसला आणि पुन्हा विंगेत गेले. दुसऱ्या खेपेला मी गेलो तोवर चारही कडवी होत होती. ते रोज कामावरून सुटल्यावर कॉलनीच्या मैदानाला डमी घेऊन फेऱ्या मारत, असं कळलं. पोरं मागे लागत. बायका दारं ओढून घेत. वहिनी राणीचं बोलणं सपाट पाठ म्हणत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मास्तरांना वाटत होतं, रंग चढायला हवा. ते म्हणाले, "वहिनी, जरा भाव आणा." त्या म्हणाल्या, "आणते," आणि पुन्हा तसंच म्हटलं.

स्पर्धा कोल्हापुरातच होती, आमच्या वाट्याला दुपारचा प्रयोग आला. सामान लावायला मी स्वतः गेलो होतो. शेवटच्या अंकाला मी डाव्या विंगेत, पाटलांच्या शेजारीच उभा. डमी मी त्यांच्या हातावर दिली. त्यांनी डावा हात मानेखाली घातला, उजवा गुडघ्यांखाली, आणि माझ्याकडे न बघता गेले.

नट डमी घेऊन चालतात तेव्हा वजन दाखवायला पुढे वाकतात. मी शेकड्याने राजे असे वाकलेले पाहिलेत. खरं वजन असलं की माणूस मागे झुकतो. पाटील मागे झुकून चालले. पद म्हणताना त्यांचा आवाज कुठेही लांबला नाही, ताना घेतल्या नाहीत. तिसऱ्या कडव्याला कोपरं थरथरायला लागली, ती लांबून दिसण्यासारखी नव्हती, मला दिसली. चौथं झालं. नाटकात लिहिल्याप्रमाणे ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मुलाला राणीच्या पायाशी ठेवलं. डोकं शेवटी टेकवलं, आणि खालचा हात हळू काढून घेतला, झोपमोड होऊ नये तसा. वहिनी ठरल्या वेळेपर्यंत हलल्या नाहीत. मग बसल्या. लिहिल्याबाहेर दोघांनीही एक गोष्ट केली नाही. पडदा पडला. बाहेर टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. कुणी कोसळलं नाही, पद तुटलं नाही. मास्तर उजव्या विंगेतून साखरेची पुडी घेऊन आले. त्यांचेही डोळे ओले होते, पण पद्धत म्हणजे पद्धत. त्यांनी डमीच्या काखेत हात घातले, दम लागला तरी उचललं आणि सिंहासनावर बसवलं. सैल मान पुढे पडत होती म्हणून ती मागे टेकवून धरली. गळ्यातला नाटकातला हार सरळ केला.

वहिनींनी तोंडावर हात घेतला.

तेव्हा मला त्या दिवशी दुकानाबाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहिलेल्या वहिनी आठवल्या. हार घातलेलं, भिंतीला टेकवून बसवलेलं मूल त्यांनी एकदा पाहिलेलं होतं. मास्तरांच्या ते ध्यानातही नव्हतं. ते म्हणत होते, "ऊठ राजा, नाटक..."

"मास्तर," वहिनी म्हणाल्या, "बसवू नका त्याला."

"पोरी, पद्धत हाय. निजलेलं सोडून जात न्हाईत."

"आमच्यात बसवत्यात. तीबी पद्धतच हाय, मी काय म्हणत न्हाई. अप्पूला बसवलं, मातीतबी बसवूनच ठेवलं. पण बसून झोप यायची न्हाई हो त्याला. जीपमधीसुद्धा मला म्हणत हुता, अव्वा, आडवं कर." त्या पाटलांकडे वळल्या. "तुम्ही निजवा."

मास्तरांच्या हातातली पुडी तशीच राहिली. पाटील पुढे झाले. आता त्यांची कोपरं चांगलीच कापत होती, तरी त्यांनी सिंहासनावरून मूल उचललं आणि खाली, रंगमंचाच्या फळ्यांवर, डाव्या कुशीवर निजवलं. गुडघे जरा दुमडले. एक हात गालाखाली घातला. वहिनींनी राणीचा शालू खांद्यावरून सोडून अंगावर पांघरला. मग पाटील तिथेच मांडी घालून बसले आणि थोपटायला लागले. ते कानडीत काहीतरी म्हणत होते, मला समजलं नाही. अप्पू हे नाव मात्र दोन-तीनदा कळलं. पोरगं गेल्यापासून त्यांच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं, असं मास्तर मागाहून म्हणाले.

पुढच्या संघाची माणसं त्यांचं नेपथ्य घेऊन आत आली होती. वेळेवर रंगमंच मोकळा करून द्यायचा नियम असतो, आणि यावरून मी हमरीतुमरी पाहिलेली आहे. त्यांचा मॅनेजर तोंड उघडून पुढे आला आणि आमच्याकडे बघून थांबला. त्याने आपल्या माणसांना हातानेच मागे सारलं. ते लोक खांब आणि पायऱ्या डोक्यावर घेऊन तसेच उभे राहिले.

थोड्या वेळाने पाटीलच उठले. हमालाने डमीला हात घातला तर म्हणाले, "मी घेतो." शालूसकट उचललं आणि मागच्या दाराने उन्हात आले. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. राजाच्या वेषात पाटील पुढे, शेजारी राणीच्या वेषात वहिनी, मागे मी आणि मास्तर. चहाच्या गाडीवर माणसं होती, रिक्षावाले होते. एरवी कोल्हापूरच्या रस्त्यावर मुकुट घातलेला माणूस निघाला तर काय काय ऐकावं लागतं हे मला पाठ आहे. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. वहिनी चालता चालता शालूचं टोक पायांवर ओढून घेत होत्या.

टेम्पोपाशी पाटलांनी ते माझ्या हातावर दिलं. माझे दंड ओढले गेले. मीच भरलेली वाळू होती, एकेक पिशवी मला ठाऊक होती, तरी मी डोक्याखाली हात घेतला.

पाटील म्हणाले, "पावणं, वजन बरोबर हुतं."

त्या वर्षी त्यांच्या मंडळाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांचं म्हणणं, राणीचं काम थंड होतं. मास्तरांनी ते मला सांगितलं आणि वर एक शिवी दिली. पाटलांनी त्यानंतर पुष्कळ नाटकं केली, हसायचीसुद्धा. अंगरख्याची आत घेतलेली शिलाई मला पुन्हा उसवावी लागली.

मी डमी मागे सामानात टाकली नाही. ड्रायव्हरशेजारी बसून मांडीवर घेऊन आलो. दुकानावर पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बायकोने दारातच दोन्ही हात पुढे केले, ते घेतलं आणि सवयीने खुर्चीकडे वळली.

मी म्हटलं, "खुर्चीवर नको. निजव."

खालच्या फळीवरचे मुकुट तिने बाजूला केले, एक जुना पडदा चौपदरी घालून अंथरला. आता तिथे मूल डाव्या कुशीवर असतं. सहा किलोचं दुसरं आहे, गिऱ्हाईक आलं की मी तेच काढून देतो, आणि तेही आता आडवंच ठेवतो.

दारासमोरची खुर्ची तेव्हापासून मोकळी झाली. त्यावर आता पोस्टमन बसतो.